स्लॅबमधल्या चकचकीत नाण्यांचे फोटो: एन्लार्जरचा स्टँड आणि दोन दिवे, आठ महिन्यांनंतर

बाबांकडे तीनेकशे नाणी आहेत, त्यातली चाळीसेक स्लॅबमध्ये (नाणं सीलबंद करून ठेवायची कडक पारदर्शक प्लास्टिकची चपटी डबी) नाहीतर गोल कॅप्सूलमध्ये, आणि नेमकी तीच फोटोत सगळ्यात वाईट यायची. शिवराई खिडकीशी ठेवून मोबाइलवर काढली तरी मस्त येते, झिजलेलं तांबं आहे, चमकतच नाही. पण 1969 चं गांधीजींचं दहा रुपयांचं प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं नाणं) म्हणजे 34 मिलिमीटरचा चांदीचा आरसा. त्यात मोबाइल दिसायचा, माझी बोटं दिसायची, ट्यूबलाइटची पट्टी दिसायची, गांधीजींचा चेहरा मात्र करडा आणि मेलेला. भाऊ बाहेरदेशी असतो, त्याला बाबांचा सगळा संग्रह नीट बघायचाय, म्हणून नोव्हेंबरात मनावर घेतलं आणि सेटअप जमवला.

काय काय आहे ते आधी सांगते. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून जुना फोटो एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायचं यंत्र) मिळाला, त्याचं वरचं डोकं काढून तिथे कॅमेरा बसवून घेतला. कॅननचा क्रॉप सेन्सरवाला जुना डीएसएलआर, 100 एमएम मॅक्रो लेन्स, आणि वाकवता येणाऱ्या मानेचे दोन एलईडी स्टडी लॅम्प. बस.

स्टँडबद्दल एकच सांगेन, घ्याच. आधी मी ट्रायपॉडवर प्रयत्न केले होते, पाय मध्ये येतात, दिवे हवे तिथे ठेवता येत नाहीत आणि कॅमेरा खाली तोंड करून लावला की हळूहळू सरकत राहतो. एन्लार्जरचा खांब जड, पाट जड, मूठ फिरवली की कॅमेरा सरळ वर-खाली. फक्त पंखा बंद करावा लागतो, आमच्या टेबलाला पंख्याचा थरथराट जाणवतो, आणि दोन सेकंदांचा टायमर लावते म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

कॅमेरा नाण्याला एकदम समांतर हवा, नाहीतर एक कड शार्प आणि दुसरी धूसर येते. त्यासाठी लेव्हल वगैरे काही लागत नाही, नाण्याच्या जागी लहानसा सपाट आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं, लेन्सला स्वतःचंच प्रतिबिंब फ्रेमच्या बरोब्बर मध्यभागी दिसलं की झालं. मला हे कळायला दोन महिने लागले, तोवर मी पाटाखाली कागदाच्या घड्या सारत होते.

आणि याच आरशामुळे बाकीचंही डोक्यात शिरलं. प्रूफ नाण्याचं सपाट मैदान (चित्राभोवतीचा मोकळा भाग) फोटोत काळंभोर दिसतं ते नाणं काळं असतं म्हणून नाही, ते समोर जे असेल तेच दाखवतं आणि समोर काळी लेन्स असते म्हणून. चेहऱ्याचा फ्रॉस्ट (मुद्दाम केलेला दुधी पृष्ठभाग) खरबरीत असतो, तो दिव्याचा उजेड चहूकडे पसरवतो, म्हणून पांढरा दिसतो. म्हणजे नाण्यावर उजेड किती टाकतोय यापेक्षा नाण्याला वर काय दिसतंय हे बघायचं. मी स्टेशनरीच्या दुकानातून काळी कार्डशीट आणली, मध्ये लेन्सएवढं भोक पाडलं आणि लेन्सला अडकवली. लेन्सच्या कडेवरची पांढरी अक्षरं, कॅमेऱ्याचा पट्टा, माझा हात, सगळं एका झटक्यात गायब. सगळ्या सेटअपमध्ये सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आणि सगळ्यात जास्त फरक तिचाच, तुमच्याकडे नुसता मोबाइल असला तरी आज करून बघा (मोबाइल असेल तर 2एक्सवर ठेवून लांबून काढा, जवळ नेऊ नका).

दिवे घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी ठेवते, कार्डाच्या कडेखाली. स्लॅबचं प्लास्टिक हा वरचा दुसरा आरसा आहे हे विसरायचं नाही, दिवे लेन्सच्या फार जवळ सरकले की त्यांची चकाकी प्लास्टिकवरून थेट लेन्समध्ये येते, आणि फार खाली गेले की स्लॅबवरचा एकन्‌एक ओरखडा पेटून उठतो. मधली जागा शोधायला लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) लावून दिवा बोटाबोटाने हलवावा लागतो, घाई करून चालत नाही. प्रूफसाठी दिव्यावर ट्रेसिंग पेपर लावते. पण 1862 चा व्हिक्टोरियाचा रुपया प्रूफ नाही, त्याला टाकसाळीचं लस्टर (नाणं हलवलं की फिरणारी चमक) आहे, त्याच्यासाठी कागद काढून टाकायचा, नाहीतर ती फिरती चमक मरते आणि नाणं साबणाने धुतल्यासारखं दिसतं.

लोक लेन्सवर लावायला पोलरायझर (चकाकी कमी करणारा) फिल्टर घ्या म्हणतात. मी घेतला, पैसे वाया गेले. तिरक्या कोनातून बघितलं तर प्लास्टिकवरची चकाकी तो खातो, पण आपण बघतो बरोब्बर वरून आणि तिथे तो जवळपास काहीच करत नाही. मग दिव्यांवरही पोलराइज्ड शीट लावली, चकाकी गेली पण नाण्याचं तेजही गेलं, वर प्लास्टिकमधला ताण इंद्रधनुष्यासारखा रंगीत दिसायला लागला. लेन्सखाली 45 अंशात काच लावून उजेड सरळ वरून टाकायची पद्धतही केली, उघड्या नाण्यावर ती अप्रतिम चालते, पण स्लॅबवर नाही, कारण प्लास्टिकही समांतरच असतं आणि तोच उजेड परत पाठवतं, अख्ख्या फोटोवर धुकं येतं.

दिव्यांची मात्र तक्रार आहे. एकाच खोक्यातले दोन दिवे, एकाचा उजेड जरा हिरवट. डाव्या बाजूची चांदी आणि उजव्या बाजूची चांदी वेगळी दिसायची, मला वाटलं टोनिंग (काळाने चांदीवर चढणारा रंग) आहे. शिवाय लुकलुकतात, शटर फास्ट ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात. आता शटर 1/50 किंवा त्याहून हळू, एफ 8, आयएसओ 100, आणि व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसण्याची सेटिंग) करड्या रंगाच्या ग्रे कार्डवर सेट करते. विक्रेत्याने बदलून दिला नाही, म्हणून हिरवट दिवा बाजूला ठेवून एक नवीन घेतला. एक्सपोजरही कॅमेऱ्यावर सोडू नका, काळं मैदान बघून तो फोटो जास्त उजळ करतो आणि फ्रॉस्टवरचे बारकावे पांढरे होऊन जातात, मी एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, कमीच ठेवते.

धुळीचं काय करायचं ते अजून नीट जमलेलं नाही. हिवाळ्यात मायक्रोफायबरने स्लॅब पुसला की घासून वीज धरतो आणि आणखी कण ओढून घेतो, पावसाळ्यात तो त्रास जवळपास नाही. आता आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग अगदी हलका हात, आणि पुन्हा ब्लोअर. ओरखडे असतील तर प्लास्टिकचं पॉलिश मिळतं, टूथपेस्टने घासू नका, मी एका स्लॅबची वाट लावली आहे. आणि कुणाची नाणी अजून मऊ पीव्हीसीच्या पाकिटात असतील तर फोटो राहू द्या, आधी ती बाहेर काढा, त्या प्लास्टिकमुळे नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

फेब्रुवारीत गांधीजींचं ते नाणं पुन्हा काढलं. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठं करून कानाच्या पाळीवर फोकस केला, मैदान काळं, चेहरा दुधासारखा. स्क्रीनवर 1869-1948 च्या खाली बारीकसा ‘बी’ दिसला, मुंबई टाकसाळीची प्रूफची खूण, साध्या नाण्यावर तिथे हिऱ्याच्या आकाराचा ठिपका असतो. बाबा भिंग घेऊन ती खूण वर्षानुवर्षं बघत आलेत, तरी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले आणि म्हणाले, ‘‘जरा अजून मोठं कर गं.’’

मैदानावरच्या केसासारख्या रेघा या काळ्या फोटोत लपतात, म्हणून नाणं विकायला काढणार असाल तर एक दिवा बंद करून, स्लॅब थोडा तिरका धरून दुसरा फोटोही काढा आणि दोन्ही टाका, घेणाऱ्याला खरं नाणं दिसलं पाहिजे. 44 मिलिमीटरची शंभर रुपयांची मोठी नाणी मला अजून जमत नाहीत, दोन दिव्यांत एक कड अंधारातच राहते. तिसरा दिवा मागवलाय.