थकलेलं भाडं: पैसे हवेत की जागा?

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये कोरोनातली बाकी अजून वहीत ओढत असलेले घरमालक कमी नाहीत. कुठे क्लास बंद पडला, कुठे मेसवाला शटर ओढून गावी गेला, कुठे खोलीला कुलूप लावून गेलेली मुलं परत आलीच नाहीत. काही भाडेकरू मात्र आजही त्याच गाळ्यात आहेत. चालू भाडं जमेल तसं देतात आणि जुन्याचा विषय निघाला की म्हणतात, ‘देसू ना भो, कुठे पळून जातोय का?’

वसुलीचे मार्ग पाच-सहा आहेत. त्यांतला कोणता चांगला, हे दोन गोष्टींवर ठरतं. भाडेकरू अजून जागेत आहे की निघून गेला? आणि तुम्हाला पैसे हवेत की जागा? दोन्ही हवं असं सगळेच म्हणतात, पण महाराष्ट्रातला भाडे कायदा बहुतेक वेळा त्यांतलं एकच पदरात टाकतो.

आधी मुदत तपासा

भाड्याच्या थकबाकीचा दावा, ते भाडं देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. प्रत्येक महिन्याची मुदत वेगळी धावते. साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. त्यामुळे लॉकडाउनमधल्या भाड्याची तीन वर्षं 1 मार्च 2022 पासून मोजली गेली आणि फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस संपली. म्हणजे त्या महिन्यांच्या नुसत्या तोंडी बाकीवर आज पैशांचा दावा लावला, तर तो मुदतबाह्य ठरण्याचीच शक्यता मोठी.

यातून तीन वाटा निघतात, आणि तिन्ही कागदाच्या आहेत. पहिली, मुदत संपण्यापूर्वी भाडेकरूने सहीनिशी लेखी कबुली दिली असेल, तर कबुलीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. दुसरी, मुदत संपली असली तरी ‘ही बाकी मी देईन’ असं लेखी, सही केलेलं वचन आज दिलं, तर भारतीय करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तो नवा करार होतो. मुदत संपल्यावर नुसती ‘बाकी आहे’ ही कबुली पुरत नाही, ‘देईन’ हे शब्द लागतात.

तिसरी वाट बहुतेकांना माहीत नसते. भाडेकरूने रक्कम दिली आणि ती कोणत्या महिन्याची हे सांगितलं नाही, तसं दिसणारं दुसरं काही नसलं, तर ती कोणत्या बाकीत जमा करायची हे घेणेकरी ठरवू शकतो. मुदतबाह्य बाकीतसुद्धा जमा करता येते. हे त्याच कायद्याचं कलम 60. तेव्हा पावती देताना (ती देणं तसंही बंधनकारक आहे) ‘जून 2020 च्या भाड्यापोटी जमा’ असं स्पष्ट लिहा. पण भाडेकरूने फोनवरून पैसे पाठवताना ‘या महिन्याचं भाडं’ असं टाकलं असेल, तर ते त्याच महिन्यात धरावं लागतं.

‘सरकारने माफ केलं होतं ना?’

नव्हतं केलं. 17 एप्रिल 2020 रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला आणि त्या काळात कोणाला घराबाहेर न काढायला सांगितलं. हे ढकलणं होतं, माफी नव्हे. मे 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खान मार्केटमधल्या दुकानदाराच्या प्रकरणात हेच म्हटलं: करारात तशी अट नसेल, तर केवळ लॉकडाउनमुळे दुकान बंद होतं म्हणून भाडं थांबत नाही. तिथेही भाडेकरूला ते भरायला थोडी जास्त मुदत मिळाली, एवढंच. दिल्लीचा निकाल आपल्याकडच्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण वकील तो दाखवतात. तुमच्या करारात ‘नैसर्गिक आपत्ती’ किंवा ‘सरकारी आदेशाने बंद’ अशी काही अट आहे का, हे मात्र आधी वाचा. ती असली तर सगळा हिशेब बदलतो.

भाडेकरू जागेतच आहे: ताब्याचा दावा की तडजोड

ताब्याचा दावा म्हटलं की लोकांना बेलिफ, कुलूप, सामान बाहेर असं चित्र दिसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये थकबाकीच्या कारणासाठी तसं सहसा होत नाही. कलम 15 प्रमाणे आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची. ती बजावल्यानंतर 90 दिवस थांबायचं. तरी पैसे आले नाहीत तर दावा, तोही आपल्याकडे साधारणपणे तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. समन्स मिळाल्यावर भाडेकरूला पुन्हा 90 दिवस मिळतात. त्या अवधीत त्याने सगळी देय बाकी, तिच्यावर साधं 15 टक्के वार्षिक व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, पुढेही निकालापर्यंत भाडं भरत राहिला, तर या कारणावर त्याला बाहेर काढता येत नाही.

घरमालकांना हे अन्यायाचं वाटतं. माझं मत उलट आहे. ज्याला पैसे हवे आहेत त्याच्यासाठी हाच सगळ्यात धारदार मार्ग. चालत्या दुकानाचा भाडेकरू जागा जाऊ नये म्हणून पैसे उभे करतो, पैशांच्या दाव्यात तेवढी घाई त्याला नसते. दोन्हीकडचं व्याजही बघा. इथे दर कायद्यानेच ठरवून दिला आहे. नुसत्या पैशांच्या दाव्यात, करारात व्याज ठरलेलं नसेल तर ते न्यायालयाच्या विवेकावर.

पण जागाच परत हवी असेल, मुलाला दवाखाना टाकायचा असेल, तर फक्त थकबाकीवर विसंबू नका. तो पैसे भरेल आणि बसून राहील. अशा वेळी स्वतःची खरी गरज, परस्पर ठेवलेला पोटभाडेकरू, सहा महिने विनाकारण बंद ठेवलेली जागा ही कलम 16 मधली कारणं लागू होतात का, ते वकिलाकडून तपासून सोबत जोडा.

नोटिशीत महिना आणि रक्कम नेमकी लिहा, आकडा फुगवू नका. पाठवताना पोचपावती घ्या. 2025 मध्ये जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर पोच हवी असल्याचं स्पष्ट सांगावं लागतं.

आता तडजोड. आपल्याकडे पैसा हंगामाने येतो. कापूस विकला की, केळीचे घड गेले की, मग बाजारात खेळतो. तेव्हा ‘दरमहा पाच हजार’ असा हप्ता लिहून घेण्यापेक्षा दिवाळीला एक आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) एक असे दोन मोठे हप्ते जास्त खरे उतरतात. तडजोडीत काही रक्कम सोडायची असेल तर ती शेवटी सोडा. ‘हप्ते वेळेवर आले तर उरलेली माफ’ असं लिहा, आधीच माफ करून मोकळे होऊ नका. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि ‘जुनी बाकी देईन’ हे वाक्य त्यात घाला, म्हणजे वरचा मुदतीचा प्रश्नही त्याच कागदात सुटतो. ओळखीतल्या नानांना, आप्पांना मध्ये घालून झालेला तोंडी समझोता मनाला बरा वाटतो, पण वसुलीला त्याचा उपयोग नाही.

दोन्हींत मी आधी तडजोड निवडेन, मात्र नोटीस पाठवून. नोटीस बजावली गेली की 90 दिवस आपोआप मोजले जातात, आणि त्या काळात बोलणी करायला कोणी अडवत नाही.

भाडेकरू निघून गेला: चेक, दावा की लोकअदालत

इथे ताब्याचा दबाव संपलेला असतो. हातात डिपॉझिट असेल तर आधी त्यातून वळतं करा आणि तसं लेखी कळवा.

भाड्यापोटीचा चेक परत आला असेल तर तो मार्ग सगळ्यात वेगवान, पण त्याच्या मुदतीही तितक्याच कडक. बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून 15 दिवस पैसे भरायला, त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार. न्यायालय चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डिपॉझिटसोबत घेऊन ठेवलेल्या कोऱ्या चेकवर आता तारीख टाकून जुनी बाकी वसूल करण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही. मुदतबाह्य बाकीसाठी असा चेक वापरला तर मूळ बाकीपेक्षा त्या चेकवरच भांडण होतं.

पैशांच्या दाव्याला 90 दिवसांची थांबायची अट नाही. पण कोर्ट फी रकमेप्रमाणे, वकिलाची फी वेगळी आणि तारखांचा अंदाज कोणी देऊ शकत नाही. शिवाय निकाल म्हणजे पैसे नव्हेत. त्यानंतर दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणण्याचा अर्ज, दाखल करावी लागते, त्यासाठी 12 वर्षं असतात. भाडेकरू सुरत किंवा नाशिकला गेला असेल, तर त्याची मिळकत तुम्हालाच शोधून द्यावी लागते. शिंप्याचं मशीन, सुताराची हत्यारं अशी कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत. बाकी लहान असेल तर हा मार्ग परवडत नाही.

लोकअदालत त्याच्या शेजारी ठेवून बघा. दावा लावण्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो. कोर्ट फी नाही. तडजोड झाली की होणारा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि हप्ता चुकला तर त्याच निवाड्यावर दरखास्त टाकता येते. उणीव एकच, समोरचा आला पाहिजे आणि राजी झाला पाहिजे. गावात, नात्यात, बाजारात ज्याला अजून तोंड दाखवायचं आहे असा माणूस येतो. ज्याने फोन नंबर बदललाय तो येत नाही.

वेगळी गणितं

भुसावळ, शिरपूरला विद्यार्थी किंवा नोकरदार यांना राहायला दिलेलं घर लिव्ह अँड लायसन्सवर असेल आणि मुदत संपूनही ते सोडत नसतील, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे मुदत संपल्यापासून दुप्पट दराने भरपाई मागता येते. हे फक्त राहत्या जागेला, दुकानाला नाही.

बँकेला किंवा एक कोटी व त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपनीला दिलेली जागा या कायद्यातून बाहेर आहे. तिथे करार आणि 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. तुमचं गाव भाडे कायद्याच्या अनुसूचीत नसेल तरी तेच.

करार नोंदणीकृत नसेल तर भाडे कायद्याचं कलम 55 आडवं येतं. अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे.

जळगाव महापालिकेने आपल्या मार्केटमधल्या गाळ्यांबाबत महापालिका कायद्याच्या कलम 81 ब खाली गाळे रिकामे करण्याच्या नोटिसा दिल्या, मग आपल्याला का नाही, असं काही जण विचारतात. ते कलम महापालिकेच्या मिळकतींपुरतं आहे. आणि तो अधिकार असूनही 2012 मध्ये मुदत संपलेल्या त्या गाळ्यांचा वाद किती वर्षं चालला, हे शहराने पाहिलंय.

लाईट तोडणं, पाणी बंद करणं, आपलं कुलूप लावणं हा पर्यायच नाही. अत्यावश्यक सेवा तोडणं भाडे कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हा आहे. कुलूप लावलंत तर भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि थकबाकीदार तो असूनही आरोपी तुम्ही होता.

सोडून देणं

कधी हेच स्वस्त पडतं. भाडेकरूने जागा रिकामी केली असेल, तुमच्या दुसऱ्या कोणत्याही जागेत तो नसेल आणि वसुलीसाठी योग्य पावलं उचलली असतील किंवा दावा करून उपयोग नव्हता हे दाखवता येत असेल, तर न मिळालेलं भाडं घरभाड्याच्या उत्पन्नातून वगळता येतं. त्यासाठी पाठवलेल्या नोटिशीची प्रत आणि परत आलेलं पाकीट जपून ठेवा, कर सल्लागार तेच मागतो. पुढे कधी ती रक्कम हाती आलीच, तर ज्या वर्षी आली त्या वर्षी तिच्यातून 30 टक्के वजावट घेऊन उरलेल्यावर कर भरायचा.