गच्चीवरच्या सिनेमासाठी स्पॅन्डेक्सचा पडदा: चुण्या गेल्या, पण फ्रेम नीट करा

मुंबईत मागचं अंगण कोणाकडे असतं, आपल्याकडे सोसायटीची गच्ची, म्हणून हा रिव्ह्यू गच्चीवाल्यांसाठी. १२० इंची (हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं), १६:९ मापाचा पांढरा स्पॅन्डेक्सचा, म्हणजे ताणलं जाणाऱ्या लवचिक कापडाचा, पडदा ऑनलाइन मागवला, म्हणजे साधारण पावणेनऊ फूट रुंद आणि पाच फुटांना जरा कमी उंच. माझं मत विचाराल तर घ्याच, पण फ्रेमचा खर्च धरून घ्या, कारण नुसत्या कापडाने काही होत नाही.

आधी आमच्याकडे घडी घालून येतो तो साधा पॉलिस्टरचा होता. त्याच्या घडीच्या रेषा हलक्या इस्त्रीने बऱ्याच जातात हो, पण खरा त्रास नंतर सुरू होतो. टाकीच्या पाइपाला वरून बांधला की मधे झोळ, खाली मोकळा, आणि कोपऱ्यातून आत तिरक्या चुण्या. काळोखातला सीन असेल तर कळत नाही, पण बर्फ किंवा मोकळं आभाळ आलं की प्रत्येक चुणी उठून दिसते, आणि कॅमेरा आडवा फिरला की माणसाचा चेहरा त्या चुणीवरून वाकडा होत जातो. सबटायटल्स नेमकी खालच्या कडेला, म्हणजे पडदा सगळ्यात ढिला असतो तिथे!

स्पॅन्डेक्स चारी बाजूंना ताणलं जातं त्यामुळे घडीची रेष ताणातच निघून जाते, इस्त्री लागतच नाही (गरम इस्त्री तर लावूच नका, कापडाची लवचिकता जाते). फक्त ताण सगळीकडून सारखा हवा. कडेला आयलेट (दोरी ओवायची धातूच्या कडीची भोकं) जितकी जवळजवळ तितकं चांगलं, नाहीतर दोन आयलेटच्या मधली कड आत ओढली जाते आणि तिथून नवीन चुणी निघते. फ्रेम पडद्यापेक्षा चारी बाजूंनी पाचेक इंच मोठी ठेवा आणि आयलेटमधून इलास्टिकचे लूप टाका, सुतळी नको. आधी चार कोपरे, मग समोरासमोरच्या बाजूंचे मधले, मग उरलेले, ढोलकी चढवताना कसं या बाजूला ओढलं की त्या बाजूला ओढतात तसं. एकच बाजू पूर्ण करून पुढे गेलात तर पडदा तिरका बसणार.

फ्रेमला पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो पण एवढ्या लांबीला वरचा आडवा पाइप ताणाने मधे वाकतो आणि परत झोळ. आम्ही फॅब्रिकेटरकडून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची सुट्टी होणारी फ्रेम करून घेतली, जड आहे, लिफ्टमधून नेताना दोघं लागतात, पण तीच टिकते. ४० चौरस फुटांच्या वर कापड म्हणजे वाऱ्याला शीडच मिळालं, म्हणून पायांना २० लिटरचे भरलेले पाण्याचे जार बांधतो आणि मागून कठड्याला दोऱ्या. पोरं पुढ्यात बसलेली असतात, यात अजिबात हयगय नको.

कमी काय तर कापड पातळ आहे, बराच प्रकाश आरपार जातो. मागे काळं कापड लावलं तर समोरच्या बिल्डिंगचे दिवे तरी मधे येत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मात्र ते आरपार दिसणंच आवडलं, त्यांच्या लहानपणी गणपतीत रस्त्यावर पडदा लागायचा तेव्हा त्या मागच्या बाजूने बघायला बसायच्या.

रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही, त्यामुळे लांबलचक सिनेमा असेल तर डिसेंबर-जानेवारीच बरा, सहा-साडेसहाला सूर्य मावळतो. मे महिन्यात अंधार पडेपर्यंत पावणेआठ होतात.

सिनेमा संपला की घडी घालू नका, जाड पाइपवर गुंडाळून ठेवा. आणि मागवायच्या आधी आयलेट कसली आहेत ते विचारा, आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी असतील तर गंजतात आणि तो डाग पांढऱ्या कापडावरून निघत नाही.