लस खिशातून निघाली तेव्हाच ओळखायला हवं होतं

आमच्या १४० कोंबड्यांपैकी आज २९ उरल्यात. ज्या माणसानं त्यांना 'लस' टोचली तो अजून पुणे जिल्ह्यातल्या आळेफाटा-ओतूर भागात फिरतोय, असं परवा बाजारात कळलं. म्हणून हे लिहायला बसले.

पौषात आम्ही बचत गटाचं कर्ज काढून गिरिराज जातीच्या कोंबड्यांची पाच आठवड्यांची पिल्लं आणली. लासोटा (मानमोडी रोगाची लहानपणीची लस) आणि गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस झाल्याचा कागद पिल्लं देणाऱ्यानं दिला होता. आठ ते दहा आठवड्यांची झाली की मानमोडीची पुढची लस, आर-टू-बी, टोचून घ्या, असंही बजावलं होतं. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. म्हणजे हयगय म्हणाल तर ती नव्हती.

नेमकं त्याच आठवड्यात हा माणूस मोटारसायकलवरून दारात आला. गळ्यात स्टेथोस्कोप, पाठीला सॅक. "ताई, मी कोंबड्यांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यात लस यायची वाट बघत बसाल तर वय निघून जाईल." कोंबडीमागं १५ रुपये म्हणाला. २१०० रुपये मोजून दिले. त्यानं शर्टाच्या खिशातून बोटभर बाटली काढली, आत पाण्यासारखं औषध, आणि एकाच सुईनं सगळ्या कोंबड्या टोचल्या. मी पंख धरून एकेक पुढं करत होते. वर त्याला चहा-पोहे केले आणि शेजारच्या गावातल्या नणंदेचा पत्ताही मीच दिला.

तीन आठवड्यांनी सकाळी खुराडं उघडलं तर एक तलंग कोपऱ्यात मान पिळवटून, डोकं पाठीवर टाकून उभी. दाणे टाकले. ती चोच खाली न्यायची, पण चोच दाण्यावर पडायचीच नाही, दर वेळी बाजूच्या मातीत. खाली शेवाळासारखी हिरवी हगवण. दुपारपर्यंत तशाच आणखी चार.

मी त्यालाच फोन केला. तो आला, लांबूनच बघून म्हणाला, "थंडी बाधलीय, सीआरडी आहे, म्हणजे श्वासाचा आजार." पाण्यातून द्यायची लाल पावडर ८५० रुपयांना दिली. दोन दिवसांनी दुसरी, तिसऱ्या वेळी टॉनिक. मर थांबेना तेव्हा मी दवाखान्यात जायचं म्हटलं, तर तो आवाज खाली आणून म्हणाला, "चुकूनही जाऊ नका. बर्ड फ्लू लिहितील आणि तुमच्याच नाही, सगळ्या गावाच्या कोंबड्या मारून पुरतील." २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूमुळं कोंबड्या कशा मारून पुरल्या ते आमच्याकडं सगळ्यांना ऐकून माहीत आहे. मी घाबरले. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा तळतळाट नको म्हणून गप्प बसले. त्या आठ दिवसांत ७३ कोंबड्या गेल्या. पैशांपेक्षा हे आठ दिवस मला जास्त डाचतात.

शेवटी पुतण्या न विचारता तालुक्याच्या दवाखान्यात गेला. पशुधन विकास अधिकारी त्याच दिवशी आले. हातमोजे, मास्क घालून त्यांनी नुकतीच मेलेली कोंबडी उघडली आणि पेटणीच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड पोटाच्या, वरचं छोटं जठर चिरून मला दाखवलं. आतल्या बाजूला टाचणीनं टोचल्यासारखे लाल ठिपके होते. "मानमोडी वाटतेय, पण बर्ड फ्लूही असाच दिसतो. डोळ्यानं ठरवायचं नसतं." नमुने बर्फात घालून पुण्याला औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडं गेले. अहवाल आला तो राणीखेतचा, म्हणजे मानमोडीचाच. बर्ड फ्लू नव्हता.

हा रोग विषाणूचा. त्याच्यावर औषधच नाही, अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. जे करायचं ते आधी, लशीनं. म्हणजे त्या पावडरींनी रोगाला काही होणारच नव्हतं. आणि बर्ड फ्लू निघाला असता तरी शासन मारलेल्या कोंबड्यांची भरपाई देतं, आधीच मेलेल्यांची देत नाही. लपवण्यात तोटा आमचाच होता, आणि रोग गावभर पसरला असता तो वेगळाच.

रिकामी बाटली मी जपून ठेवली होती. लेबल खरवडलेलं. डॉक्टरांनी ती हातात घेतली आणि विचारलं, "यात तळाला कोरडी वडी होती का? सोबत पाण्याची वेगळी बाटली?" काहीच नव्हतं. आर-टू-बीची लस बाटलीत सुकवलेली येते. ती बर्फावर, २ ते ८ अंशांत राहावी लागते. टोचायच्या वेळी तिच्यात सोबतचं पाणी घालतात आणि मग ती दोनेक तासांत संपवावी लागते. बाटलीच्या आत निर्वात असल्यामुळं सुई खुपसली की पाणी आपोआप आत ओढलं जातं. आमच्या बाटलीत काय होतं ते त्यांनाही सांगता आलं नाही. पण खरी लस असली तरी उन्हात खिशातून फिरून ती कधीच निकामी झाली होती, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तेव्हा लस मिसळताना समोर उभं राहा. बर्फाचा डबा दिसला नाही तर कोंबडीला हात लावू देऊ नका. खोक्यावरची मुदत आणि बॅच नंबर मोबाइलनं टिपून ठेवा. डॉक्टर म्हणवणाऱ्याला पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. १९८४ च्या कायद्यानं नोंदणी नसलेल्याला डॉक्टर म्हणून जनावरांवर उपचार करता येत नाहीत. खरा डॉक्टर या प्रश्नाचा राग मानत नाही, आमच्या साहेबांनी उलट स्वतःहून सांगितला. कोंबडी मेली तर तिला डीप फ्रीजमध्ये गोठवू नका, दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यातून लगेच दवाखान्यात पोचवा आणि हात धुवा.

नणंदेच्या ४० पैकी सहा राहिल्या. मी गेले तेव्हा तिनं डालगी धुऊन अंगणात पालथी घातली होती. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि मला तिच्याकडं वर मान करून बघवेना.

तो माणूस आता फोन उचलत नाही. बाटलीसह लेखी तक्रार दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात दिली आहे, पोच घेतली आहे. त्याच्याकडून आणखी कुणी टोचून घेतलं असेल तर उरलेली बाटली, पावडरीचं पाकीट काही फेकू नका. तुमची तक्रारही तिथंच द्या, म्हणजे ती आमच्या तक्रारीला जोडता येईल.