पाकिटावरचे चित्र आणि ताटातला पदार्थ : घरात ठेवण्याजोग्या तीन तयार पदार्थांची तुलना

झटपट पोह्यांच्या कपावरच्या छायाचित्रात पिवळेधमक, मोकळे पोहे दिसतात. त्यांवर ओले खोबरे आणि हिरवीगार कोथिंबीर भुरभुरलेली असते आणि बशीच्या कडेला लिंबाची फोड ठेवलेली असते. प्रत्यक्षात ओले खोबरे आणि ताजे लिंबू त्या कपात असूच शकत नाहीत, कारण ओलावा असलेला जिन्नस कोरड्या मिश्रणात महिनोन्‌महिने टिकत नाही. लिंबाचे काम सायट्रिक आम्लावर भागवलेले असते आणि कोथिंबीर असलीच तर ती वाळवलेली असते. चित्र केवळ वाढण्याच्या पद्धतीचे आहे, अशा अर्थाची एक बारीक ओळ कोपऱ्यात छापलेली असते, परंतु दुकानात उभ्या उभ्या ती कोणी वाचत नाही.

दोघेही नोकरी करणाऱ्या घरात किंवा शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्या मुलांच्या खोलीवर अडीअडचणीला असे काहीतरी हाताशी लागतेच, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच आहे की गरम पाणी ओतून होणारे कोरडे मिश्रण, नुसते गरम करून खायचे सीलबंद पाकीट आणि गोठवलेला पराठा या तिघांपैकी कशावर पैसे खर्च करावेत. माझ्या मते हा निर्णय पाकिटाची मागची बाजू वाचूनच घ्यावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि एखाद्या घटकावर शब्दांतून किंवा चित्रातून भर दिलेला असेल तर त्याचे शेकडा प्रमाणही छापावे लागते. म्हणजे पाकिटावर पनीरचे चौकोनी तुकडे ठळकपणे दाखवले असतील, तर पनीर किती टक्के आहे हे मागे सापडले पाहिजे. चित्र आणि पदार्थ यांतले अंतर मोजायला ग्राहकाच्या हाती याहून चांगले साधन मला दिसत नाही.

चित्राशी सर्वांत कमी जुळतो तो कोरड्या मिश्रणाचा पदार्थ. पोहे मुळातच शिजवलेल्या धान्याचे असतात. साळ, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, भिजवून, भाजून आणि चेपून ते तयार होतात, त्यामुळे पाण्याने मऊ होणे हा त्यांचा स्वभावच आहे. कपातून आपण विकत घेतो ती फोडणी, वाळवलेला कांदा, मीठ, साखर आणि पेला. पाकिटावर आता प्रति ग्रॅम विक्री किंमतही छापलेली असते. तिची तुलना वाण्याकडच्या सुट्या पोह्यांच्या भावाशी केली की फोडणीची किंमत किती मोजली हे लगेच कळते. उपम्याच्या मिश्रणाचीही हीच गोष्ट आहे. आठवड्यातून एकदा रवा फोडणीत खमंग भाजून डब्यात भरून ठेवला, तर घरचे मिश्रण तयार होते आणि मीठ आपल्या हातात राहते.

गरम करून खायच्या पाकिटाची बाब वेगळी आहे. शिजलेला पदार्थ अनेक पदरी पाकिटात सीलबंद करून साधारण १२१ अंश सेल्सियसला दाबाखाली तापवला जातो, म्हणून तो फ्रीजबाहेर अनेक महिने टिकतो. आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने हे तंत्र सैनिकांच्या शिध्यासाठी विकसित केले आणि पुढे ते उद्योगांना दिले. आपल्या घरच्या कुकरमध्येही तापमान १२० अंशांच्या आसपास जाते; त्यामुळे जे पदार्थ कुकरात चांगले होतात तेच या पाकिटातही चांगले उतरतात. राजमा, छोले आणि डाळ चित्राच्या बऱ्याच जवळ जातात. पनीर मात्र घट्ट होते, पालेभाजीचा रंग मावळतो, आणि मातीच्या वाडग्यात सायीची नक्षी काढलेली जी भाजी चित्रात दिसते, तिच्या जागी ताटात मुख्यतः रस्साच येतो. म्हणून या प्रकारात कडधान्ये घ्यावीत आणि पनीर ताजे आणावे, असे मी आग्रहाने सांगेन.

याच पाकिटाच्या बाबतीत पोषणाचा तक्ता अधिक काळजीने वाचावा लागतो. समजा, ३०० ग्रॅमच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. पूर्ण पाकीट एकट्याने खाल्ले तर १२०० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते, आणि दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, इतकीच धरलेली आहे. तक्त्यातली दिवसाच्या मर्यादेची टक्केवारी मात्र एका वाढणीची असते, आणि पाकिटात अशा दोन किंवा अधिक वाढण्या मोजलेल्या असू शकतात. चित्रात एकच वाडगा दाखवलेला असल्याने ही गफलत सहज होते, आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती लहान नाही.

गोठवलेला पराठा रूपाने चित्राला सर्वांत जवळचा असतो. त्याचे पदर खरोखर सुटतात आणि तव्यावर वेगळे तेल सोडावे लागत नाही, कारण स्निग्धांश पिठातच भरपूर असतो. चित्रात न दिसणारी गोष्ट हीच आहे. लच्छा पराठ्याच्या यादीत पहिला मैदा आणि मागोमाग वनस्पती तेल असे बहुधा आढळते. बटाट्याच्या पराठ्यात सारणाचे शेकडा प्रमाण पाहावे. शिवाय तो उणे १८ अंशांना राहिला पाहिजे. पिशवीत बर्फाचे मोठे खडे दिसले किंवा पराठे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला असेल, तर तो मध्ये कुठेतरी वितळला होता असे समजून परत ठेवावा. दुकानातल्या त्याच फ्रीझरमधले गोठवलेले मटार मात्र मी निःशंकपणे घेते. चित्रात मटार, यादीत मटार आणि वाटीतही मटारच.

तिन्ही प्रकारांच्या दर्शनी भागावर ‘प्रिझर्वेटिव्ह नाहीत’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत आढळते. ते बहुधा खरेच असते, परंतु निवड करताना त्याचा उपयोग होत नाही, कारण पहिला पदार्थ कोरडेपणामुळे टिकतो, दुसरा उष्णतेच्या प्रक्रियेमुळे आणि तिसरा थंडीमुळे.

वसतिगृहात निघालेल्या मुलामुलीसाठी मी राजम्याची किंवा डाळीची दोन पाकिटे आणि थालीपिठाची भाजणी देईन. भाजणीच्या पाकिटावरही लोण्याचा गोळा दाखवलेला असतो, परंतु आत धान्ये, डाळी, धणे आणि जिरे असतात, आणि कांदा चिरायचा आहे हे घेणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. घरात चांगला फ्रीझर असेल तर मटार कायम ठेवावेत आणि पराठे महिन्यातून एखाद्या वेळी आणावेत. पोह्यांचा कप मी फक्त लांबच्या प्रवासासाठी घेते, जिथे गरम पाणी मिळते पण चूल मिळत नाही. तेव्हाही एक लिंबू वेगळे बरोबर ठेवते.