मार्स हिल युनिव्हर्सिटी, नॉर्थ कॅरोलिना: वर्षभरानंतरचा अनुभव

ॲडमिशन घेताना या कॉलेजबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आईवडिलांचा हमखास प्रश्न: कॉलेज बॅप्टिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) लोकांचं, म्हणजे धर्म बदलायला लावतील का? नाही. १८५६ मध्ये इथल्या बॅप्टिस्ट कुटुंबांनी हे काढलं, पण राज्याच्या बॅप्टिस्ट संघटनेचा ताबा सुटूनही बरीच वर्षं झाली. 'रविवारी चर्चला येतोस का?' असं मित्रांनी विचारलं, मी नको म्हटलं, विषय तिथेच संपला. उलट दिवाळीला रूमवर पणत्या लावता येतील का (आगीच्या नियमांमुळे नाही) याचीच चौकशी जास्त झाली.

२०१३ पासून पाटीवर युनिव्हर्सिटी आहे, मुलं मात्र हजाराच्या आसपास. त्यामुळे दांडी मारली की लपत नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम जेवणाच्या हॉलमध्ये 'बरं आहे ना?' म्हणून विचारतात. मी जीवशास्त्राचा, तरी इतिहास आणि लेखनाचे तास करावेच लागले. सुरुवातीला कुरकुर केली, पण सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते तिथलंच.

उदाहरणार्थ, जो अँडरसन. पहिली इमारत बांधणाऱ्यांचे पैसे थकले, तेव्हा कर्जापोटी जप्ती आली ती एका माणसावर. जो हा विश्वस्तांपैकी एकाचा गुलाम. त्याला ॲशव्हिल या जवळच्या शहरातल्या तुरुंगात ठेवलं आणि पैसे भरल्यावर सोडलं. पुढे १९६१ मध्ये इथे प्रवेश मिळालेली पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी ओरलीन ग्रेव्हज सिमन्स, ही त्याच जोची खापरपणती. जोचं स्मारक कॅम्पसवरच आहे, येताजाता दिसतं. कॉलेज ही गोष्ट झाकून ठेवत नाही, हे मला फार आवडलं.

दुसरी जमेची बाजू म्हणजे डोंगरी संगीत. लोकगीतं गोळा करणारे वकील बॅस्कम लमार लन्सफर्ड १८८२ मध्ये याच गावात जन्मले. त्यांचा संग्रह कॉलेजकडे आहे आणि ऑक्टोबरात त्यांच्या नावाचा उत्सव भरतो. बेली माउंटन क्लॉगर्स हा कॉलेजचा नाचाचा संघ तर राष्ट्रीय विजेता. बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या, कमरेवरचं अंग जवळपास स्थिर आणि खाली पायांचा नुसता कडकडाट. लेझीम खेळलेल्या माणसाचे पाय बसल्याजागी हलायला लागतात.

आता अडचणी. गाडी नसेल तर तुम्ही मित्रांच्या मर्जीवर. ॲशव्हिल तीसेक किलोमीटर, आणि तिथेही प्रवासी रेल्वे नाही. माझ्या मोबाइल कंपनीची रेंज डोंगराआड गेलं की गुल. भारतीय किराणा ॲशव्हिललाच मिळतो, त्यामुळे तूरडाळ महिन्याची एकदम भरा. तिकडे गेलात की 'चाय पानी'त जा. मालक मेहेरवान इराणी आपल्या नगरमध्ये वाढलेले. २०२२ मध्ये या हॉटेलला अमेरिकेतलं सर्वोत्कृष्ट रेस्टॉरंट म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. मित्रांनी गाडीतून नेल्याची परतफेड मी तिथल्या चाटवर करतो.

संगणकात एमएस करून थेट सिलिकॉन व्हॅली गाठायची असेल तर इकडे येऊ नका. पदवीसाठी येत असाल तर छापील फी बघून दचकू नका. शिष्यवृत्ती वजा जाता किती उरते ते लेखी मागवा, आणि त्यात सुट्ट्यांमध्ये हॉस्टेलवर राहायचे पैसे धरलेत का, तेही विचारा.