थारचं सिरॅमिक कोटिंग: ९९,७१० रुपये घेतले आणि स्प्रे वॅक्स मारून गाडी परत दिली

माझ्या काळ्या थारवर पाच वर्षांच्या वॉरंटीचं सिरॅमिक कोटिंग (रंगावर पाणी-घाण टिकू न देणारा पातळ थर) आणि पुढच्या भागाला पीपीएफ (खड्यांपासून रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावून देतो, असं सांगून पुण्यातल्या एका डिटेलिंग स्टुडिओने, म्हणजे गाड्या पॉलिश-कोटिंग करून देणाऱ्या दुकानाने, माझ्याकडून ९९,७१० रुपये घेतले. कोटिंग लावलंच नाही. पीपीएफ म्हणून जे चिकटवलं ती साधी पीव्हीसीची फिल्म निघाली. शिवाय बॉनेटच्या कडेचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मशीनने घासून पातळ करून ठेवला. तक्रार ग्राहक आयोगात दाखल आहे आणि वकिलांनी बजावलंय म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र पूर्ण लिहिते, कारण ती त्या एका दुकानापुरती नाही.

आधी हिशेब. कोटिंगचे ३४,०००. बॉनेट, बंपर, फेंडर आणि दारांच्या कडांना पीपीएफ, ४६,०००. खालून अँटीरस्ट ४,५००. झाले ८४,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १५,२१०. बिलाशिवाय करा, जीएसटी वाचेल, असं दुकानदाराने सुचवलं होतं. मी नाही म्हटलं, पक्कं बिल द्या. पैसे जास्त गेले तरी चालतील पण कागद हवा, हा माझा हिशेब होता. त्या कागदाचं काय झालं ते पुढे येईलच.

ऑफरोडला नेता मग रंगाची एवढी काळजी कशाला, हे मला भरपूर जणांनी ऐकवून झालंय. मी गाडी नेते म्हणूनच काळजी. पावसाळ्यात ताम्हिणी उतरून कोकणात गेलं की जांभ्याचा लाल चिखल गाडीला आतून-बाहेरून बसतो. थारच्या दारांच्या बिजागऱ्या बाहेर आहेत, त्यांच्या खाचांत आणि चाकांवरच्या प्लास्टिकच्या मागे तो वाळून दगड होतो. त्यात बारीक खडे असतात. असा चिखल फडक्याने पुसला की काळ्या रंगावर उन्हात गोल गोल जाळी दिसायला लागते. करवंदीच्या जाळ्यांतून गेलं की दारांवर लांब ओरखडे येतात ते वेगळेच. आमच्या भागातलं वॉशिंग सेंटर एकाच बादलीत दहा गाड्यांचं फडकं बुडवतं आणि खालून डिझेल मारतं. डिझेलने खालचे रबरी बुश फुगून खराब होतात, हे सांगून कोणी ऐकत नाही. मी घरी दोन बादल्या, न्यूट्रल शॅम्पू, आधी फोम मारून चिखल सैल करायचा, मग प्रेशर गन हातभर लांब धरून धुवायचं, असं सगळं नीट करणारी बाई आहे. ज्याला काही कळत नाही तोच फसतो, असं समजणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

दुकान झकपक होतं. रिव्ह्यू ४.८. ऑफरोडच्या ग्रुपमधल्या दोघांनी तिथे काम करून घेतलं होतं आणि दोघंही खूश होते. आता कळतं की त्यांच्या गाड्यांनी तेव्हा एकही पावसाळा बघितला नव्हता. दुकानदाराने आधी ‘मॅडम’ म्हटलं, चहा आल्यावर ‘ताई’ म्हणायला लागला. एका जुन्या बॉनेटच्या अर्ध्या भागावर पाणी ओतून दाखवलं, थेंब मोत्यांसारखे घरंगळले. लायटरची ज्योत लावून दाखवली. “९एच आहे ताई, हिऱ्याच्या खालोखाल.”

हे ९एच नीट समजून घ्या, कारण निम्मा धंदा त्यावर चालतो. ती पेन्सिलची श्रेणी आहे. रंगाचा थर किती कठीण आहे हे बघायला त्यावर वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ओढतात, ९बी सगळ्यात मऊ, ९एच सगळ्यात कठीण. खनिजांची कठीणता मोजायचं मोजमाप वेगळं, हिरा त्यातला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. अस्सल सिरॅमिक कोटिंगसुद्धा जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं असतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याने धुणं सोपं होतं, चिखल लवकर सुटतो, पक्ष्यांच्या विष्ठेचा डाग पडायला जास्त वेळ लागतो. उडालेला खडा ते अडवत नाही, काटेरी फांदीही अडवत नाही. खड्यासाठी फिल्म लागते, आणि तीही टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची. पाच थर, सात थर, ग्राफीन, असे शब्द कोणी फेकले तर बाटली दाखवायला सांगा.

बाटलीवरच तर माझं सगळं घोडं अडलं होतं.

गाडी दिल्यावर मी न सांगता दुकानात गेले. बाहेर पाऊस चालू होता. काम बंद खोलीत, धूळ नसलेल्या जागेत होईल, कॅमेऱ्याची लिंक मिळेल, असं ठरलं होतं. लिंक आली नाही, कॅमेरा बंद पडलाय म्हणाले. शटर सताड उघडं, आणि एक पोरगा माझ्या गाडीच्या ओल्या दारावर ट्रिगरच्या प्लास्टिक बाटलीतून गुलाबी पाणी फवारून टॉवेलने पुसत होता. तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. कोटिंग ओल्या पत्र्यावर लावतच नाहीत. आधी क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, रंगात रुतलेली घाण काढतात, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलाचा अंश पुसतात, पत्रा पूर्ण कोरडा करतात. कोटिंगची बाटली काचेची, तीस-पन्नास मिलीची असते. छोट्या स्पंजावर थेंब थेंब घेऊन एकेक भाग करत जातात, आणि नंतर काही तास तरी गाडीला पाणी लागू देत नाहीत. यातलं निम्मं मला तेव्हाही माहीत होतं.

मी विचारलंही. गप्प बसले नव्हते. “हे काय मारताय?” तर मालक आतून धावत आला, “प्रायमर आहे ताई, फिल्मच्या आधी मारावं लागतं.” फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवून लावतात, हे मी स्वतः पाहिलेलं होतं, त्यामुळे ओलेपणाचं त्याचं उत्तर मला पटलं. दारांना फक्त कडेला फिल्म होती, मधल्या पत्र्याला नव्हती, मग तिथे प्रायमर कशाला, हा प्रश्न त्या क्षणी सुचला नाही. समोरचा माणूस हात जोडून, आत्मविश्वासाने बोलत असतो, ३०,००० ॲडव्हान्स त्याच्या खात्यात पडलेला असतो, गाडी त्याच्या ताब्यात असते. दुकानाबाहेर बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी तयार. इन्फ्रारेड दिव्याखाली ठेवल्याने लवकर सुकलं म्हणे. गाडी चमकत होती, पाण्याचे थेंब घरंगळत होते, मी उरलेले ६९,७१० यूपीआयने दिले. ते दुकानाच्या खात्यात न जाता एका व्यक्तीच्या नावावर गेले. पैसे कोणाच्या नावावर जातात ते स्क्रीनवर दिसतं, पिन टाकण्याआधी वाचा. आणि थेंब बघून कधीही पैसे देऊ नका. पन्नास-शंभर रुपयांचं वॅक्स मारलं तरी तसेच थेंब दिसतात, काही आठवडे टिकतात. थोडी रक्कम पहिल्या मेंटेनन्स वॉशनंतर देईन असं आधीच ठरवा. जो याला तयार होत नाही त्याला काम देऊ नका.

पावसाळा अर्धाही सरला नव्हता आणि पाणी रंगावर चादरीसारखं बसायला लागलं. बॉनेटवरची फिल्म कडांना पिवळी पडून सुटली. फोन केला तर म्हणे तुम्ही चुकीचा शॅम्पू वापरला, वॉरंटी गेली. वॉरंटी कार्डावरचा क्यूआर कोड तेव्हा पहिल्यांदा उघडला, तर तो त्यांच्याच दुकानाच्या पानावर जात होता. फिल्मच्या कंपनीचा त्यात पत्ता नाही. चांगल्या कंपन्यांची वॉरंटी गाडीच्या नंबरवर, रोलच्या नंबरसकट, कंपनीकडे नोंदलेली असते. फिल्म कापायच्या आधी रोलचा आणि मागच्या कागदाचा फोटो काढून घ्या.

दुसऱ्या एका माणसाकडे गाडी दाखवली. त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. कारखान्यातून आलेला रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. माझ्या दारांवर ११२ ते १२० आलं, बॉनेटच्या पुढच्या, फिल्म सुटलेल्या कडेला ७१. वरचा क्लिअर कोटच मुळात चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे कंपाउंड (घासायची पेस्ट) लावून रोटरी मशीन कडेवर दाबून फिरवलं आणि तो जवळपास उडाला. उन्हापासून रंग वाचवतो तो हाच थर. मशीनचे पट्टे उन्हात अजून दिसतात, चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकवर कंपाउंडचे पांढरे डाग तसेच आहेत. फिल्म आणि तिचा चिकट काढायला ६,५०० गेले. बॉनेट पुन्हा रंगवायला ११,०००. एकूण १,१७,२१०. कोणाच्याही हाती पॉलिशसाठी गाडी देण्याआधी जाडी मोजून घ्या, आकड्यांचा फोटो काढा, आणि परत घेताना पुन्हा मोजा. ज्याच्याकडे ते यंत्रच नाही त्याला रंगाला मशीन लावू देऊ नका.

आता तो पक्का कागद. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७. माझ्या बिलावरचा नंबर २४ ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा, आणि कर मात्र केंद्राचा ७,६०५ आणि राज्याचा ७,६०५ असा महाराष्ट्रातल्या दुकानासारखा दोन भागांत लावलेला. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कोणताही नंबर टाकून बघता येतो. मी टाकला. कापडाच्या एका व्यापाऱ्याचा नंबर निघाला, नोंदणी रद्द झालेली. कर भरायला तयार झालेल्या ग्राहकाकडून १५,२१० रुपये कराच्या नावाने घेतले आणि खिशात घातले.

हे घेऊन मी पोलीस चौकीत गेले. फोटो, बिल, पैसे दिल्याचे पुरावे, जाडीचे आकडे, काढलेली फिल्म पिशवीत घालून नेली होती. पहिला प्रश्न, “मिस्टर कुठेत? त्यांना पाठवा.” गाडी माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून गेलेले, आणि अर्ज घ्यायला मिस्टर हवेत. दुसरं वाक्य, “काम आवडलं नाही, हा दिवाणी वाद आहे.” आवडलं नाही? एक माल लिहून दुसरा लावला, परक्याच्या नंबरवर कर घेतला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक म्हणून जे लिहिलंय त्यात हे बसत नसेल तर काय बसतं? पोच द्या म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. परत गेले तर आधीचा अर्ज सापडेना. मग म्हणाले पैसे ऑनलाइन गेलेत ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही माणसाला भेटलात, दुकान पाहिलंत, हे आमच्यात येत नाही, चौकीत जा. बँक म्हणाली पिन तुम्ही स्वतः टाकलात. कराच्या कार्यालयातल्या खिडकीवर सांगितलं, नंबर गुजरातचा आहे, तिकडे लिहा. दुकान पुण्यात, गिऱ्हाईक पुण्यातलं, पैसे पुण्यात दिले, आणि तक्रार मी गुजरातला पाठवायची! प्रत्येक टेबलावर तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायची, प्रत्येकाने कागद न बघता आधी माझ्याकडे बघायचं, आणि मग “एवढ्या गाडीला एवढा खर्च कशाला केला” हे ऐकवायचं. फसवणारा माणूस एक होता. त्याला मोकळं सोडणारे किती निघाले! एकानेही फोन उचलून त्या दुकानदाराला साधं विचारलं नाही. सरकारच्या तिजोरीत जायचे १५,२१० रुपये हडपले गेले, निदान त्यासाठी तरी कोणी हलेल असं वाटलं होतं.

शेवटी लेखी नोटीस पाठवून ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार केली. हे कोणालाही करता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. चौकीत अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पाठवल्याची पावती हातात राहते. हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर हेलपाटे वाचले असते.

नोटीस परत आली. दुकानाला कुलूप होतं. नंतर कळलं, थोड्या अंतरावर नव्या नावाने बोर्ड लागलाय, आत पोरं तीच, रिव्ह्यू पुन्हा पाच स्टारपासून सुरू. जुन्या जागेचा मालक त्याचा घरचा पत्ता द्यायला तयार नाही. नव्या बोर्डाचे फोटो आणि यूपीआयवर आलेलं नाव मी तक्रारीला जोडलंय.

पुण्यात कोणी असं काम करून घेतलं असेल तर बिल आजच काढा आणि नंबरचे पहिले दोन आकडे बघा. २४ असेल तर मला कळवा, एकत्र तक्रार करू. फिल्म सुटायला लागली असेल तर ओढून फेकून देऊ नका, मागच्या चिकटासकट एक तुकडा पिशवीत तारीख घालून ठेवा. माझ्या वकिलांनी सगळ्यात आधी तोच मागितला होता.