ॲलेक गिनेस: आधी कोणता चित्रपट पाहावा?

ब्रिटिश नट ॲलेक गिनेस यांचं काम पाहायचं ठरवलं असेल, तर सुरुवात 'स्टार वॉर्स'ने करू नका. त्या चित्रपटाने ते जगभर पोचले, पण त्यांच्यातल्या नटाला तिथे फारसा वाव नाही. खरी निवड दोन चित्रपटांत आहे.

'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) कृष्णधवल आहे, पावणेदोन तासांत संपतो. उमराव घराण्याने झिडकारलेला एक तरुण वारसदारांचा काटा काढायला निघतो आणि त्या घराण्यातले आठ जण एकटे गिनेस रंगवतात. पाद्री, ॲडमिरल, बँकर आणि चक्क लेडी ॲगाथासुद्धा! त्यांना आधी चारच भूमिका देऊ केल्या होत्या, आठही त्यांनी मागून घेतल्या. पण जेमतेम ओळख होते तोवर यातली बरीच पात्रं मरतात, आणि खरा भार त्या तरुणाचं काम करणाऱ्या डेनिस प्राइस यांच्या तिरकस, वळणदार इंग्रजी निवेदनावर आहे. सबटायटल्स वाचताना त्यातली बरीच गंमत निसटते.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) रंगीत, श्रीलंकेत चित्रित झालेला, दोन तास चाळीस मिनिटांचा. जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश कर्नल निकोल्सन (गिनेस) युद्धकैद्यांच्या छावणीत अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करायची नाही या नियमासाठी तापलेल्या पत्र्याच्या खोपट्यात कोंडून घेतो, आणि पुढे शत्रूचाच पूल जीव ओतून बांधतो. खोपट्यातून बाहेर येतानाची त्याची चाल नीट पाहा. पाय लटपटताहेत, पाठ मात्र ताठ. पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या मुलाची चाल गिनेस यांच्या डोळ्यांपुढे होती. या भूमिकेवरून दिग्दर्शक डेव्हिड लीन यांच्याशी त्यांचे खटके उडाले. ऑस्कर याच भूमिकेला मिळालं.

माझं मत स्पष्ट आहे: आधी क्वाय. निकोल्सन चुकतोय हे आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही, आणि तरी त्याच्यावर रागावता येत नाही. इंग्रजी कानाला सरावलेलं असेल आणि हाताशी वेळ थोडा असेल, तरच क्रम उलटा करा.

मराठी प्रेक्षकाला 'अ पॅसेज टू इंडिया'चा (१९८४) मोह होईल, कारण त्यात ते प्रोफेसर गोडबोले आहेत. तो शेवटी ठेवा. रंग फासून उभा केलेला हा दख्खनी ब्राह्मण मला पटत नाही; समोर व्हिक्टर बॅनर्जींसारखे भारतीय नट असले की जास्तच खटकतो.

रंगभूमीवरचे गिनेस, म्हणजे १९३८ मध्ये चोविसाव्या वर्षी लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात केलेला हॅम्लेट वगैरे, आता वाचूनच कळायचे. क्वाय आवडला, तर मात्र लगेच बीबीसीची सात भागांची मालिका 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७९) घ्या. 'काइंड हार्ट्स' त्यानंतर पाहिला तरी चालेल.